सवयीचं नाक, सवयीचा कान

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये नवा माणूस आला की आधी त्याच्या शिंका ऐकू येतात, मग तो दिसतो. मिरचीच्या गाळ्यांसमोर पाऊल टाकलं की डोळ्यांना धार, घशात ठसका आणि पाठोपाठ शिंका. आत बसलेले आम्ही लोक वहीतून मान वर न काढता सांगतो, "पाणी पिऊ नका हो, आधी बाहेर मोकळ्यावर उभे राहा." तेवढ्यात त्याच दारातून एखादा माथाडी गुंटूरची गोणी पाठीवर घेऊन, सोबतच्याशी गावच्या जत्रेचं बोलत बोलत निघून जातो. त्याच्या नाकाला पत्ताच नसतो.

मी इथे एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येते, तुर्भ्याला उतरते. मिरची मी विकत नाही, निवडतही नाही. तिच्या पावत्या फाडते आणि तिच्या हवेत दिवसभर बसते. सुरुवातीला मलाही झोंबायचं. मग केव्हातरी बंद झालं. केव्हा, ते सांगता येत नाही, आणि या सगळ्यात मला तेच जास्त विचित्र वाटतं. झोंबायला लागलं तो दिवस चांगला आठवतो. झोंबायचं थांबलं त्याची कुठेच नोंद नाही. हिशेब लिहिणाऱ्या बाईला अशी बिनतारखेची नोंद सहन होत नाही, म्हणून मी वाचायला लागले.

शाळेत आपण ज्ञानेंद्रियं शिकलो ती आकृतीला नावं देण्यापुरती. डोळ्याचा उभा छेद, कानाचे तीन भाग, जिभेचा नकाशा. कोणता भाग कुठे आहे हे त्यात होतं, तो दिवसभर काय करतो हे फारसं नव्हतं. वाचत गेले तसं माझ्या लक्षात आलं ते एवढंच: ही इंद्रियं जगाची पूर्ण खबर द्यायला बसलेली नाहीत. काल होतं त्यात आज काय बदललं, मघाशी नव्हतं ते आत्ता काय आलं, तेवढं ती कळवतात. जे तसंच राहिलं ते वगळतात. आणि बदल पुरेसा सावकाश असेल तर तोही वगळतात.

आधी मिरचीचं सांगते, कारण ती माझ्या घरची. तिखट ही चव नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटलं नव्हतं. आपल्याकडे सहा रसांत कटु रस आहे, जेवताना मीठ-तिखट एका दमात विचारतो, आणि हे म्हणतात चव नाही! पण खात्री करून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. साखर बोटावर चोळून बघा, बोटाला गोड लागत नाही. मिरच्या चिरून झाल्यावर मात्र बोटांची आग होते, आणि तोच हात चुकून डोळ्याला लागला तर विचारूच नका. बोटाला कळतं, डोळ्याला कळतं, म्हणजे हे काम जिभेवरच्या रुचिकलिकांचं नव्हे.

मिरचीत कॅप्सेसिन असतं, आणि ते बियांत नसून मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत असतं. हे द्रव्य कोणाच्या दारावर जाऊन थाप मारतं, ते १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने शोधलं. त्या ग्राहक-प्रथिनाचं, म्हणजे बाहेरची खूण टिपून चेतातंतूला जागं करणाऱ्या प्रथिनाचं, नाव टीआरपीव्ही१. आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर ते बसलेलं असतं आणि त्याचं खरं काम आहे भाजण्याची खबर देणं: साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं. कॅप्सेसिन त्याला चिकटलं की ते थंड जिभेवरसुद्धा उघडतं, आणि मेंदूला निरोप जातो की तोंड पोळतंय. मेंदू बिचारा त्या निरोपाप्रमाणे वागतो. घाम काढतो, नाक-डोळे वाहायला लावतो. डोळे, नाक, तोंड या तिन्हींची जळजळ मेंदूकडे नेणारी चेता एकच, मेंदूच्या चेतांपैकी पाचवी. म्हणून मिरची नाकात गेली तरी पाणी डोळ्यांत येतं. पाण्याने आग विझत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. दूध किंवा दही घेतलं तर उतार पडतो. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शाचे ग्राहक शोधणाऱ्या आर्डेम पातापुतियन यांच्याबरोबर. आमच्या मार्केटमध्ये त्या दिवशी कोणी पेढे वाटले नाहीत. वाटायला हवे होते.

पोपट मिरची खातो याचं लहानपणी फार कौतुक होतं. त्याची जीभ जाड असणार असं आजोळी सांगायचे. जिभेचा संबंध नाही. पक्ष्यांच्या अंगात हेच प्रथिन आहे, पण त्याची घडण अशी की कॅप्सेसिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. म्हणजे पोपटाला लवंगी आणि ढोबळी एकच. मिरचीचाही यात फायदाच आहे: सस्तन प्राणी बी चावून मारतात, पक्षी अख्खं गिळतात आणि लांब नेऊन टाकतात.

आता माथाडीचं नाक. कॅप्सेसिनने ते दार वारंवार उघडलं की काही वेळाने चेतातंतूच थकतो, निरोप पाठवणं कमी करतो. हा नुसता मनाचा घट्टपणा नव्हे, पेशींच्या पातळीवर घडणारी गोष्ट आहे, आणि डॉक्टरांनी तिचा उपयोगही करून घेतलाय. नागीण बरी झाल्यावरही ज्यांची त्या जागेची आग महिनोन् महिने राहते, त्यांच्या त्वचेवर कॅप्सेसिनची तीव्र पट्टी लावतात. आधी भडका, मग शांत. आमच्या गाळ्यात हाच उपचार फुकटात चालू असतो.

एकदा हे कळल्यावर मार्केट मला निराळंच दिसायला लागलं. इथे जे विकलं जातं त्यातला निम्मा माल चवीचा नाहीच, फसवणुकीचा आहे. मिरीतलं पायपरीन मिरचीच्याच दारावर थाप मारतं, जरा हलक्या हाताने. वेलदोड्यात युकॅलिप्टॉल असतं. ते आणि पुदिन्यातलं मेंथॉल थंडीची खबर देणाऱ्या ग्राहकाला उघडतात, म्हणून वेलदोडा चावून श्वास आत घेतला की तोंडात वारा शिरल्याचा भास होतो, तापमान जिथल्या तिथे असताना. लवंगेतलं युजेनॉल चेतातंतूंचा आवाजच दाबतं, तेव्हा दाढदुखीला लवंग धरायला सांगणारी आजी रसायनशास्त्रात नापास झाली नसती. सर्वांत मजेशीर तिरफळ. आमच्या मालवणी घरात बांगड्याच्या तिखल्यात ते पडतंच. त्याचा चिनी भाऊबंद म्हणजे सिचुआन मिरी. तिच्यातल्या सॅनशूलने ओठांवर जी थरथर उठते तिचा वेग लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोजला, लोकांच्या बोटाला यांत्रिक कंपन देऊन आणि "ओठावरचं कंपन याच्यासारखं वाटतं का" असं विचारत. उत्तर आलं, सेकंदाला सुमारे ५० वेळा. ओठ हलत नसतात. स्पर्शाचे तंतू चाळवले जातात. म्हणजे एका गोणीत ऊन, दुसरीत थंडी, तिसरीत बधिरता आणि चौथीत कंप, आणि आम्ही सगळ्यांवर एकाच दराने हमाली लावतो.

वासाची गोष्ट वेगळी आहे, तो खरोखरच नाकाचा. नाकपुडीत आपल्याला जे दिसतं तो नुसता बोळ. वास ओळखणारा पडदा वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, छताला लागून असतो, क्षेत्रफळाने जेमतेम काही चौरस सेंटीमीटर. त्यातल्या चेतापेशींची टोकं थेट हवेत उघडी असतात, नुसत्या चिकट स्रावाच्या थराखाली. शरीरात बाकी ठिकाणी चेतापेशी हाडामांसाच्या आड जपलेल्या असतात. इथे मेंदूची माणसं थेट उंबऱ्यावर येऊन बसलीत. त्यांचे तंतू बारीक भोकं असलेल्या एका पातळ हाडातून वर मेंदूत शिरतात. डोक्याला जोराचा मार बसला तर हे तंतू तिथे कापले जातात आणि वास कायमचा जाऊ शकतो. उघड्यावर बसलेल्या या पेशी फार टिकत नाहीत, त्यांच्या जागी नव्या तयार होत राहतात, आणि चेतापेशींच्या बाबतीत ही चैन शरीराने क्वचितच कुणाला दिलीय.

१९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी या पेशींवरच्या ग्राहकांचं जनुक-कुटुंब शोधलं, २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक काम करतात. एक ग्राहक एक वास असा हिशेब नाही. एका वासाने कित्येक ग्राहक कमी-जास्त जागे होतात, आणि कोणते जागे झाले त्या मेळावरून वास ओळखला जातो. त्यामुळे ४०० वर हजारो वास भागतात. आमच्या शेजारच्या गाळ्यात हिंग आहे. हिंगाच्या गंधकयुक्त वासापुढे माझं बाकीचं सगळं नाक हतबल व्हायला हवं, पण आत जाऊन बसल्यावर थोड्याच वेळात तो वास नाहीसा होतो. मध्येच चहाला बाहेर पडून परत आले की पुन्हा दाराशी येतो. हिंग कुठे गेलेला नसतो.

मी स्वतःही नाहीशी झालेली असते, म्हणजे माझ्या नाकापुरती. संध्याकाळी गाडीत लेडीज डब्यात चढले की आधीपासून बसलेल्या एका नेहमीच्या मैत्रिणीला मी न बघता कळते. "आली बाई, गरम मसाला आला," असं ती पुस्तकातून मान वर न करता म्हणते. मी ओढणी नाकाला लावून बघते. मला नुसतं कापड लागतं. मग ऐरोली सोडून गाडी खाडीच्या कडेने जायला लागली की ओहोटीच्या चिखलाचा वास डब्यात भरतो, खारफुटीच्या गाळातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात त्याचा, आणि तो मात्र मला लगेच कळतो. तिथे कोळीवाड्यात राहणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतील, कसला वास?

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत ही सवय जिवावरही बेतते. गटारात उतरणाऱ्या कामगारांना सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो, वायूचं प्रमाण वाढलं की घ्राणशक्ती बधिर होते आणि वास थांबतो. वास थांबला म्हणून वायू गेला असं वाटणं तिथे प्राणघातक ठरतं.

करोनाच्या काळात आमच्या ओळखीतल्या एका निवडणाऱ्याचं नाक गेलं. वेलदोडा मुठीत चुरडून, एकदाच हुंगून तो माल कुठला आणि किती जुना हे सांगणारा माणूस. त्याला दोन गोष्टी समजेनात: नाक चोंदलेलं नाही मग वास का नाही, आणि जीभ शाबूत आहे मग जेवण पुठ्ठ्यासारखं का लागतं. पहिलीचं उत्तर असं की तो विषाणू वास घेणाऱ्या चेतापेशींवर थेट हल्ला करत नव्हता. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत शिरत होता, कारण त्याला आत शिरायला लागणारी एसीई२ या प्रथिनाची कडी त्यांच्यावर होती. दुसरीचं उत्तर प्रत्येकाने सर्दीत अनुभवलंय. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात जातो, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग तिथे ठरतो. जिभेकडे उरतं ते गोड, आंबट, खारट, कडू, आणि इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ साली ओळखलेली उमामी. (जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू हा शाळेतला नकाशा जाता जाता विसरून टाका. १९०१ सालच्या एका जर्मन प्रबंधातल्या बारीक फरकांचा पुढे कुणीतरी फुगवून केलेला तो आलेख आहे. सगळ्या चवी रुचिकलिका असलेल्या सगळ्या भागांत कळतात.)

त्याला डॉक्टरांनी घ्राण-व्यायाम दिला. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत: गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग, रोज सकाळ-संध्याकाळ, काही महिने, लक्ष देऊन हुंगायचं. नव्याने उगवणाऱ्या पेशींना पुन्हा काम लावायचं. बाकी तीन वासांसाठी त्याला तेलाच्या बाटल्या आणाव्या लागल्या, लवंगेला काही तोटा नव्हता. हळूहळू वास आला, पण मधल्या काळात विचित्र व्हायचा, कॉफी जळक्या रबरासारखी. आता तो पुन्हा माल निवडतो. शेठ त्याचं मत आजही मानतात, फक्त महागाच्या लॉटला दुसऱ्या एकाला हुंगायला बोलावतात, आणि तो ते बघून न बघितल्यासारखं करतो.

डोळ्यांबद्दल मी थोडंच सांगणार आहे, कारण डोळ्यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. एकच गोष्ट, आणि तीही ठाण्यात नौपाड्यात डोळे तपासायला गेले तेव्हाची. तपासणीत बाजूने प्रखर दिवा हलवला गेला आणि मला समोर अंधारात एक फांद्याफांद्यांचं झाड दिसलं. त्या माझ्याच दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या होत्या. प्रकाश आत येतो त्या वाटेवरच त्या पसरलेल्या असतात, त्यांची सावली जन्मभर दृष्टिपटलावर पडत असते, पण ती जागची हलत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही. दिवा हलला, सावली सरकली, झाड दिसलं. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे लिहून ठेवलंय. प्रयोगशाळेत एखादी प्रतिमा डोळ्याच्या हालचालीबरोबरच हलेल अशी पक्की बसवली तर तीही काही सेकंदांत विरून जाते. एका जागी टक लावून बघताना आपले डोळे सारखे बारीक थरथरत असतात, जग पुसलं जाऊ नये म्हणून.

त्वचेचंही तसंच. घड्याळ सकाळी मनगटावर बांधलं त्या क्षणी कळतं, मग दिवसभर कळत नाही. त्वचेतले काही ग्राहक, पॅसिनियन नावाचे, दाब बदलला तेवढ्यापुरते बोलतात आणि दाब टिकला की गप्प बसतात. काही ग्राहक टिकून बोलतात, पण मेंदू त्यांच्याकडे लक्ष द्यायचं सोडतो. या नियमाला मोठा अपवाद दुखण्याचा. दात दुखतो तेव्हा तो तासाभराने सवयीचा होत नाही, उलट वाढतो. शरीराने कुठे काटकसर करायची आणि कुठे नाही हे बऱ्यापैकी विचार करून ठरवलेलं दिसतं.

आता आईकडे येते. खरं तर हा सगळा लेख तिच्यासाठी लिहायला घेतला आणि मिरचीने अर्धा खाल्ला.

आई वेंगुर्ल्याकडची, आता बरीच वर्षं आमच्याकडे पाचपाखाडीत असते. एका पहाटे तिने कुशी बदलली आणि किंचाळली, "घर फिरता हा गो!" आमचं सगळ्यांचं बीपी, साखर, अर्धांग असं सगळं मनात आणून झालं. कानाच्या डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि झटकन मागे निजवलं. आणि मग ते तिच्या कानाकडे न बघता डोळ्यांकडे बघत राहिले. बुबुळं एका ठेक्यात उडत होती.

आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल सांभाळणारा भाग आहे. तीन अर्धवर्तुळाकार नलिका, एकमेकींशी काटकोनात, आत द्रव. डोकं वळलं की द्रव जरा मागे राहतो, नलिकेच्या तोंडाशी असलेला मऊ पडदा वाकतो, आणि मेंदूला कळतं की डोकं वळलं. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते गुरुत्वाची दिशा सांगतात. वयाने यातले काही कण सुटून नलिकेत घरंगळतात. मग डोकं थांबलं तरी कण सरकत राहतात, द्रव हलत राहतो, आणि घर फिरतं. नलिका आणि डोळ्यांचे स्नायू यांच्यात इतकी थेट जोडणी आहे की नलिकेतला बिघाड बुबुळात दिसतो. ही जोडणी तुम्हीही आत्ता बघू शकता: फोन स्थिर धरून डोकं डावी-उजवीकडे हलवत वाचा, अक्षरं वाचता येतात. डोकं स्थिर ठेवून फोन तेवढ्याच वेगाने हलवा, सगळं पुसट होतं.

उपाय औषधाचा नव्हता. डॉक्टरांनी तिचं डोकं ठरावीक कोनांत, थांबत थांबत फिरवलं, कण नलिकेतून परत पिशवीत ओघळावेत म्हणून. जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांनी ही युक्ती १९८० च्या सुमारास काढली तेव्हा त्यांच्याच पेशातल्यांना ती थट्टेची वाटली होती. आईला उठवून बसवलं, ती थोडा वेळ खुर्चीला धरून राहिली, मग म्हणाली, "थांबला." आणि लगेच, पायात चपला घालता घालता, "पैसे किती घेतलान?" डॉक्टरांनी तिला काहीतरी सांगितलं ते तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, तरी नाही. तेव्हा त्यांनी आमच्याकडे बघून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या म्हणून लिहिलं.

आई म्हणाली, "माका सगळा आयकाक येता. तुमीच हळू बोलतास."

यात तिचं काही खोटं नव्हतं. आवाज कानाच्या पडद्यावर येतो, हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांतून पुढे जातो. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. या तिघांची गरज अशासाठी की हवेतला आवाज पाण्यावर आदळला तर जवळजवळ सगळाच परत फिरतो. मोठ्या पडद्यावरचा जोर छोट्या खिडकीवर एकवटून ही हाडं तो दाब सुमारे वीस पटींनी वाढवतात आणि आतल्या द्रवात उतरवतात. तिथे अडीच वेढ्यांची कॉक्लिया, उलगडली तर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. तिच्या लांबीवर एक पापुद्रा ताणलेला असतो आणि त्याच्यावर सूर पेटीच्या पट्ट्यांसारखे क्रमाने लावलेले असतात: दाराशी तार स्वर, आत टोकाला खर्ज. बुडापेस्टच्या टेलिफोन खात्यात काम केलेल्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी या पापुद्र्यावरून लाट कशी धावते ते दाखवलं, १९६१ चं नोबेल त्यांना त्याचं. प्रत्यक्ष ऐकणाऱ्या रोमपेशी एका कानात अवघ्या १५ हजारांच्या आसपास. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींवर असताना कानाला इतका तुटपुंजा पुरवठा, आणि तोही जन्माआधीच संपलेला. नाकाच्या पेशी पुन्हा उगवतात, कानाच्या माणसात उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात. पक्ष्यांचं नशीब इथेही आपल्याहून चांगलं.

म्हातारपणी या पेशी दाराच्या बाजूने, तार स्वरांकडून जातात. आणि भाषेतले स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या. म्हणजे आईला आवाज येतो, आ-ई-ऊ येतात, शब्दांच्या कडा येत नाहीत. जांभळी नाक्यावर पावसाळ्यात कोथिंबीरवाल्याने साठ सांगितले, आईने आठ ऐकले, दहाची नोट पुढे करून दोन रुपये सुटे मागितले. तो हसला, ती भडकली. घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितलं की ठाण्यातले भाजीवाले माजलेत. त्या 'साठ'मधला स तिच्या कानात गेली काही वर्षं नव्हताच. माझी मुलगी बोलली तर कळत नाही, खर्जातला आवाज कळतो, त्यामुळे "हिला नीट बोलायला शिकवा" असा निवाडा. आणि ओरडून उपयोग नसतो. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी होत नाहीत, आणि समोरच्याला आपण रागावलोय एवढंच कळतं.

आणि आम्हालाही ते कळलं नाही, हे मला लिहायला हवं. टीव्हीचा आवाज वर्षागणिक एकेक खूण चढत होता, आम्ही त्याच खोलीत बसून जेवत होतो. पाहुणे आले की म्हणायचे, "किती मोठ्याने लावता हो!" आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो. घरात शिरणाऱ्याला पहिल्या मिनिटात जे कळायचं ते आम्हाला कळायला ऑडिओग्रामचा कागद लागला, डावीकडे, खर्जात, बरी असणारी आणि उजवीकडे, तार स्वरांत, कोसळत जाणारी रेघ.

वयाचा भाग सोडला तरी आपण या १५ हजार पेशींशी कसे वागतो ते बघायला ठाण्यात लांब जावं लागत नाही. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, इथपर्यंत कान साधारण सांभाळून घेतो असं मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. डेसिबलचं माप असं आहे की दहाने वाढला म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. हे आकडे दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्यावर किंवा दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर मोठ्याने वाचून दाखवावेत अशी माझी फार इच्छा आहे. ऐकू कुणालाच जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते, कान भरल्यासारखे वाटतात, दोन दिवसांनी मोकळे होतात आणि आपण म्हणतो, झालं बरं. काही पेशी सावरतात, काही सावरत नाहीत.

श्रवणयंत्राला आई तयार नव्हती. म्हातारी दिसेन म्हणाली, वय ऐंशीच्या पुढे. शेवटी नातीने गळ घातली. आताची यंत्रं सगळाच आवाज सरसकट वाढवत नाहीत, ज्या पट्टीत जेवढी तूट तेवढी भर घालतात. तरी पहिले काही आठवडे अवघड जातात, हे यंत्र बसवणाऱ्या मुलीने बजावलं होतं. कारण मेंदूने जे आवाज वर्षानुवर्षं ऐकलेच नव्हते ते एकदम परत येतात आणि त्यातले कोणते वगळायचे हे त्याला पुन्हा शिकावं लागतं. शिवाय कानात हळू आणि मोठ्या आवाजाची पातळी सांभाळणाऱ्या बाहेरच्या रोमपेशी गेलेल्या असतात, म्हणून बारीक आवाज येत नाही तो नाही, आणि जरा वाढवला की एकदम टोचतो.

यंत्र लावून घरी आली त्या दुपारी आई दचकत होती. पेपरची घडी मोडली, दचकली. पंख्याकडे वर बघितलं. प्लॅस्टिकच्या पिशवीला तिने चक्क शिवी दिली. "घरात इतको आवाज खंयसून येता?" मी म्हटलं, आई, तो होताच. मला स्वतःला पंखा ऐकू येत नव्हता. तिने म्हटल्यावर आला, आणि मग झोपेपर्यंत गेला नाही.

आता ती सकाळी यंत्र लावते, दुपारी काढते, सिरियलला पुन्हा लावते. नात बोलली की वळते. शेजारच्या बाईंचं फोनवरचं बोलणं तिला भिंतीपलीकडून कळतं असा तिचा दावा आहे, आणि जे कळतं ते ती आम्हाला जेवताना सांगते. परवा यंत्र जुळवून घ्यायला पुन्हा गेलो. त्या मुलीने संगणकावर आलेख उघडला आणि विचारलं, "आजी, काय काय त्रास होतो? भांडी, गाड्या, पंखा, सगळं कमी करून देऊ?"

आईने जरा विचार केला. "कुकरची शिटी तेवढी कमी करा," म्हणाली. "बाकीचा रवांदे."